समुद्रात उतरण्याआधी पाणी वाचायचं कसं

मालवणजवळ माझं आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत चार वाजले की आम्ही भावंडं पुळणीवर जायला अधीर व्हायचो आणि मामा आम्हाला माडांच्या रांगेपाशी थांबवून ठेवायचा. तो स्वतः वाळूच्या उंचवट्यावर उभा राहून समुद्राकडे बघत राही. पाच मिनिटं, कधी दहा. मग एक तर मान हलवून जायला सांगे, नाही तर म्हणे, "आज पाण्याक ओढ आसा, आत जाव नको." आम्हाला काही फरक दिसायचा नाही. कालचंच पाणी, कालच्याच लाटा.

पुढे पुण्यात मी तलावात पोहायला शिकले. सलग दोन किलोमीटर पोहता येऊ लागलं आणि समुद्र म्हणजे मोठा तलाव, अशी समजूत मनात घट्ट बसली. मामा गेल्यानंतरच्या एका डिसेंबरात मी त्याच पुळणीवर एकटी उतरले. जिथे पाणी सगळ्यात निवांत दिसत होतं तीच जागा निवडली. काही मिनिटांतच किनारा लांब गेला. त्याच्याकडे तोंड करून मी जिवाच्या आकांताने हात मारत होते आणि माड लहान लहान होत चालले होते. शेवटी हात गळाले म्हणून उताणी पडून राहिले. थोड्या वेळाने ओढ सुटली, आणि मी बरीच बाजूला जाऊन लाटांबरोबर बाहेर आले. त्या वेळी मला काही सुचलं होतं असं नाही. थकून पडले आणि त्यानेच वाचले.

मामा काय बघत असे, ते त्यानंतर मी वाचून आणि रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या लोकांना विचारून समजून घेतलं. ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं असं मला फार वाटतं, कारण आपल्या किनाऱ्यावर माणसं फक्त पावसाळ्यात आणि वादळातच बुडत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे ८ विद्यार्थी गेले. फेब्रुवारी आणि एप्रिल. म्हणजे आपण सगळे ज्या महिन्यांत निर्धास्तपणे कोकणात जातो ते.

आधी ओढ म्हणजे काय ते पाहू. लाट किनाऱ्यावर फुटते तेव्हा सोबत पाणी घेऊन येते, आणि आलेलं पाणी परत जायला वाट हवी असते. बऱ्याच किनाऱ्यांवर थोडं आत, पाण्याखाली, वाळूचे लांबट बांध तयार झालेले असतात. लाटा त्या बांधांवर फुटतात, पाणी बांध ओलांडून अलीकडे येतं आणि साठतं. भाताच्या खाचराचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसंच इथे होतं. वाळूच्या बांधात जिथे खिंड असते तिथून हे साठलेलं पाणी अरुंद प्रवाहाने समुद्राकडे परत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. वर्तमानपत्रं 'अंडर करंट' लिहितात, त्यामुळे पाण्याखालून कोणी पाय धरून खाली ओढतं अशी समजूत झाली आहे. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. हा फरक जिवावरचा आहे, कारण खाली खेचले जातोय या भीतीनेच माणूस धडपडतो आणि दमतो.

या प्रवाहाचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण तो सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू ५० मीटर अंतर २१ सेकंदांच्या आसपास कापतात, म्हणजे तेवढाच वेग, आणि तोही फक्त तेवढे २१ सेकंद. अशा प्रवाहाच्या विरुद्ध कोणीही पोहू शकत नाही. अर्ध्या मीटरच्या वेगाविरुद्धसुद्धा साधारण पोहणारा जागच्या जागीच राहतो.

आता मी फसले ती गोष्ट. खिंडीच्या जागी पाणी खोल असतं, आणि खोल पाण्यात लाट सहसा फुटत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असताना मधला पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो. मुलांना घेऊन आलेले आईवडील नेमका तोच पट्टा निवडतात. किनाऱ्यावर उभं राहून फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ बघा. ती जिथे तुटलेली दिसते तिथे जाऊ नका. शिवाय त्या जागी पाण्याचा रंग जरा गडद असतो किंवा वाळू मिसळून गढूळ झालेला असतो, पृष्ठभाग खवल्यांसारखा थरथरतो, आणि फेसाचे तुकडे, पानं, कचरा किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी समुद्राकडे सरकत असतात. हे एका नजरेत दिसत नाही. लाटा गटागटाने येतात: काही मोठ्या, मग थोडा वेळ लहान. मधल्या शांततेत पाण्यात उतरलेल्या माणसाला पुढचा मोठा गट गाठतो. म्हणून उंचावरून, पाच-दहा मिनिटं बघायचं. मामा तेच करत होता.

सापडलातच, तर आधी तरंगा. उताणं पडा, श्वास घ्या, एक हात वर करून हाक मारा. समुद्राचं खारं पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे अंग सैल सोडलं की ते तुम्हाला जास्त सहज तोलून धरतं. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, आणि जिथे पांढऱ्या लाटा फुटताना दिसतात तिकडे सरका. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटा किनाऱ्याकडे ढकलतात. एका बाजूला सरकणं जमत नसेल तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघा. काहीच जमलं नाही तर तरंगत राहा. लाटा फुटण्याची जागा ओलांडली की प्रवाहाचा जोर संपतो, आणि पुष्कळदा तो गोल फिरून माणसाला पुन्हा किनाऱ्याच्या बाजूला आणतो.

काठावर उभ्या असलेल्यांसाठी याहून अवघड गोष्ट आहे. आपलं माणूस आत जाताना दिसलं की पाय थांबत नाहीत. एकाला वाचवायला दुसरा, त्याच्या मागे तिसरा, असे एकाच कुटुंबातले तिघं-चौघं जातात. बुडणारा माणूस मिळेल त्याला धरून वर चढू पाहतो, तो त्याचा दोष नसतो. त्याच्याकडे काहीतरी तरंगणारं फेका: झाकण लावलेला रिकामा कॅन, फुटबॉल, दोरी बांधलेली ट्यूब, थर्माकोलची पेटी. एकाने त्याच्यावरची नजर हलवू नये आणि बोट त्याच्याकडेच धरून ठेवावं, बाकीच्यांनी जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला गाठावं. आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे कललेलं, शरीर उभं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबताहेत, असा तो गप्प असतो. श्वासालाच जागा नसते, तिथे ओरडणार कुठून? ही अवस्था मिनिटभरही टिकत नाही. पाण्यातलं मूल अचानक गप्प झालं तर लगेच त्याच्याकडे जा.

मामाच्या डोक्यात दुसरा हिशेब चाले तो भरतीचा. भिंतीवरचं कालनिर्णय बघून तो सांगे, आज भरती कधी. गणित सोपं आहे आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी, म्हणजे सुकती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा त्याच जागी येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं हा त्याचाच घरगुती आकडा. हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जमतो. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती त्याआधी येते, तेव्हा तिथल्या होडीवाल्याला विचारणं किंवा भरतीचं छापील कोष्टक बघणं बरं.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येतं: भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो, तर गोव्यात साधारण दोन मीटर असतो. आणि हे पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं. फरक चार मीटर असेल तर त्या वेळी तासाभरात मीटरभर पाणी चढतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परतीच्या वाटेवर घोट्याएवढं पाणी आहे म्हणून फोटो काढत थांबलात, तर थोड्याच वेळात ते कमरेला लागतं.

खाडीच्या मुखाशी तर पोहायला उतरूच नये असं माझं मत आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम फार सुंदर दिसतो, पण ओहोटी सुरू झाली की अख्ख्या खाडीत भरलेलं पाणी त्या एवढ्याशा तोंडातून बाहेर निघतं. तिथली वाळूही जागा बदलत असते. काल गुडघाभर पाणी होतं तिथे आज पुरुषभर असू शकतं. आपल्याकडच्या प्रत्येक खाडीला हे लागू आहे.

वाऱ्याचंही थोडं सांगते. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. त्यामुळे सकाळी पाणी तुळतुळीत असतं आणि पोहायला तीच वेळ उत्तम. पण हवा भरलेली गादी किंवा मुलाची रबरी रिंग त्या हलक्या वाऱ्यानेही बाहेर बाहेर जाते आणि काठावरच्याला उशिरा कळतं. अशी खेळणी समुद्रात नेऊच नका. दुपारी खारा वारा सुटला की पाणी खवळतं. म्हणूनच स्कूबा, कयाकिंग यांसाठी सकाळची वेळ घ्यावी.

वारा नसताना, आकाश निरभ्र असताना मोठ्या लाटा येतात तेव्हा लोक चकतात. या लाटा हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात आणि काही दिवस प्रवास करून आपल्यापर्यंत येतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. एप्रिल-मे हे त्यांचे नेहमीचे महिने. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. सहलीच्या आदल्या दिवशी तो बघायला दोन मिनिटं लागतात. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत महाराष्ट्रात जलक्रीडा बंद असतात, मासेमारीलाही जून-जुलैत बंदी असते. ज्या महिन्यांत कोळी दर्यात होडी घालत नाही आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतो, त्या महिन्यांत आपण कमरेएवढ्या पाण्यात तरी का उभं राहावं?

ज्यांना तलाव सोडून समुद्रात लांब पोहायचं आहे, त्यांना मी परावृत्त करणार नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते आणि लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत शेकडो जण उतरतात. धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणारी मुलंमुली भरती-ओहोटीचं गणित मांडूनच वेळ ठरवतात. पहिली सुरुवात अशा एखाद्या स्पर्धेत किंवा प्रशिक्षकाच्या गटाबरोबर करा, कारण तिथे मार्ग आखलेला असतो आणि सोबत होड्या असतात. एरवीही एकट्याने कधीच नाही. किनाऱ्याला समांतर पोहा, पाय टेकतील अशा अंतराजवळ. डोक्यावर नारिंगी किंवा पोपटी टोपी आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा असावा. काळी टोपी घातलेलं डोकं जेट-स्कीवाल्याला लाटांत दिसत नाही. तलावात तळाला काळी रेघ असते, समुद्रात नसते. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोकं किंचित उचलून किनाऱ्यावरची एखादी उंच खूण, देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी, बघायची सवय लावावी लागते. निघताना आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं पडतं.

जलक्रीडांमध्ये सगळं लाइफ जॅकेटवर येऊन थांबतं. ते अंगावर असणं पुरेसं नाही. सगळे पट्टे लावून झाल्यावर कोणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच निसटेल, लहान मापाचं मागा. मुलांना मुलांच्याच मापाचं. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ते काढायचं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे खेळ संपल्यानंतरचा प्रवासही तितक्याच जपून करायचा. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरा. पैसे बुडतील, बुडू देत.

जेट-स्कीच्या किल्लीला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद पडतं. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. पोहता येत नसेल तर निघण्याआधीच स्पष्ट सांगा. पॅरासेलिंगमध्ये दोर आणि पट्टे स्वतः बघा, वारा झोकांड्या देत असेल तर जाऊ नका. २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं उंचावरून समुद्रात पडलं. लाइफ जॅकेट अंगात होतं, दोघं वाचली. परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका. महाराष्ट्रात तो मेरीटाइम बोर्ड देतं. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये, हा माझा साधा नियम.

स्कूबाबद्दल दोन गोष्टी. पाण्याखाली दहा मीटरवर दाब हवेतल्या दाबाच्या दुप्पट होतो. खाली जाताना कान दुखायला लागायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची. दुखायला लागलं तर थोडं वर यायचं, सहन करायचं नाही. वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही, कारण फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि त्यांना इजा करते. सर्दी असेल तर त्या दिवशी नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि बुडी मारल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नका. १८ तास जाऊ द्या.

पायाखालच्या प्राण्यांत पाकटाचं नाव आधी घ्यायला हवं. हा चपटा मासा उथळ वाळूत अंग पुरून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना असे काटे लागले होते. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाललं की पाकट आधीच पळतो. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठावा. पावसाळ्यात निळसर फुग्यांसारखे दिसणारे, डंख मारणारे ब्लू बॉटल नावाचे जीव वाहून येतात, ते वाळूवर मेल्यासारखे दिसले तरी हात लावू नये.

गोव्यात २००८ पासून 'दृष्टी' संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी राखलेली असते आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. कोकणात अशी सोय मोजक्या ठिकाणी आहे. म्हणून स्थानिक माणसाचं ऐकणं हाच आपला झेंडा. चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, तिकडे जाऊ नका, तर तिच्याशी वाद घालू नये. आणि दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यापासून लांब ठेवण्याची जबाबदारी न प्यायलेल्यांची आहे.

शेवटी, कोणाला बाहेर काढलं आणि तो श्वास घेत नसेल तर काय करायचं. आपल्याकडे अजून पोट दाबतात, उलटं धरून पाणी काढायला बघतात. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत शिरतं. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. माणूस अजून समुद्रातच असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. दुसऱ्याने त्याला सपाट जागी उताणं निजवून डोकं मागे, हनुवटी वर करावी, नाक दाबून तोंडाने आधी पाच श्वास द्यावेत, कारण बुडालेल्याला सगळ्यात आधी प्राणवायू हवा असतो. तरीही तो श्वास घेऊ लागला नाही तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी ३० वेळा दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मग दोन श्वास, पुन्हा ३०. तोंडाशी फेस आला तरी पुसत बसू नये. मदत येईपर्यंत थांबू नये, थकलात तर हात बदला. तो शुद्धीवर येऊन बोलायला लागला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.